मेष्ट्रूंचं रविवारचं चालणं

फोनवरून देणग्या गोळा करणाऱ्या एका कंपनीने आमच्या मेष्ट्रूंना फसवलं. मेष्ट्रूंच्या आडून सुमा नावाच्या पोरीला फसवलं, तिच्या आईबापांना फसवलं, आणि तिचा व्हिडिओ बघून डोळे पुसत पैसे पाठवणाऱ्या परक्या लोकांना ती अजूनही फसवते आहे. पैसे आले नाहीत असं मी म्हणत नाही. आले. तिच्या पायांचं ऑपरेशन झालं, चांगलं झालं. तरी फसवलं. मी बंगळुरात, चिकपेटच्या बाजारात धंदा करते. भाव करणं कुठे संपतं आणि फसवणं कुठे सुरू होतं, हे मला कुणी शिकवायला नको.

मेष्ट्रू म्हणजे कन्नडात मास्तर. आमच्या गल्लीत त्यांना दुसरं नाव नव्हतं. बनशंकरीच्या एका शाळेत त्यांनी आयुष्यभर पी.टी. शिकवली. निवृत्त झाल्यावरही पांढरे कॅनव्हासचे बूट, गळ्यात शिट्टी आणि काखेत छत्री हा वेश त्यांनी सोडला नाही. घराणं मराठी, पण बंगळुरात इतकं जुनं की कधी आलात म्हणून विचारलं तर म्हणायचे, "घोड्यावरनं आले म्हणतात. परत जायला घोडा मिळाला नाही."

मी निपाणीकडची. लग्न होऊन या गावात आले. नवऱ्याच्या नोकरीचा भरवसा नव्हता, म्हणून एका साडीच्या दुकानाच्या पायरीवर फॉल विकायला बसले. आज त्याच गल्लीत माझं स्वतःचं दुकान आहे. फॉल, अस्तर, इलॅस्टिक, नाडी, वेलक्रो, सगळं ठोक भावात. तामिळमध्ये, कन्नडात, हिंदीत आणि मराठीत मी भाव करते आणि कुठल्याही भाषेत हरत नाही. गल्ली मला अक्का म्हणते. मला राग लवकर येतो हे गल्लीला माहीत आहे.

मेष्ट्रूंची ओळखही भांडणातूनच झाली. एक दिवस बघते तर हा म्हातारा माझ्या पायरीवर ऐसपैस बसलेला, गिऱ्हाईक त्याला ओलांडून आत येतंय. मी कन्नडात म्हटलं, उठा, ही बसायची जागा नाही. त्यांनी वर बघितलंच नाही. माझ्या पायांकडे बघत म्हणाले, "डावी चप्पल बाहेरच्या अंगानं झिजलीय. गुडघा दुखत असेल." माझा गुडघा दुखत होता. त्यामुळे मला आणखी राग आला आणि मी तोंडातल्या तोंडात मराठीत एक ठेवणीतली शिवी दिली.

म्हातारा टुणकन उभा राहिला. "अय्यो! आमचीच की गे तू!"

मी इतकी वर्षं शिव्या देते आहे, शिवी ऐकून इतका आनंद झालेला माणूस मी दुसरा पाहिला नाही. त्या दिवसापासून त्यांनी मला तंगी म्हणायला सुरुवात केली. तंगी म्हणजे धाकटी बहीण. आणि पायरी त्यांची झाली.

तिथे बसून ते फक्त पाय बघायचे. तोंडं त्यांच्या लक्षात राहत नसत. माझं नेहमीचं गिऱ्हाईक आलं की ते मान न उचलता सांगायचे, "तुझी ती टाचा घासणारी आली बघ." रस्त्यात एखाद्याची चाल आवडली किंवा खटकली तर उठून त्याच्या मागे तशीच चाल करत जायचे. पार वळणापर्यंत. दोनदा लोकांनी त्यांना धरलं. एकदा एका बाईने छत्री हिसकावून त्यांच्याच डोक्यात घातली. परत येऊन मला म्हणाले, "तिचा उजवा खुबा आखडलाय गे. मी काय करू? करून बघितल्याशिवाय कळत नाही." त्यांचं एक वाक्य ठरलेलं होतं. "माणूस तोंडानं खोटं बोलतो, टाचेनं नाही."

त्यांची दुसरी तऱ्हा मला व्यवहारातून कळली. शिट्टीसाठी नाडी घ्यायला ते दुकानात आले. मी मराठीत भाव सांगितला, नेहमीप्रमाणे चढवून. त्यांनी मुकाट्याने पैसे काढून ठेवले. मला चैन पडेना. चढवलेला भाव कुणी तसाच दिला तर माझी दुपार वाया जाते. पुढच्या वेळी मी मुद्दाम कन्नडात भाव सांगितला. मेष्ट्रू फणा काढून उभे राहिले. नाडी ताणून दाखवली, रंग जाईल म्हणाले, माझ्या दुकानाची, गल्लीची आणि नाडी करणाऱ्याच्या बापाची लाज काढली आणि अर्ध्या भावात घेऊन गेले.

मी विचारलं, "मग त्या दिवशी मराठीत गप्प का बसलात?"

"मराठीत मला आईनं जेवायला बोलवलंय. बायकोनं झोपेतनं उठवलंय. त्या भाषेत भाव कसा करायचा गे तंगी? आमच्यात भांडायचं झालं तर बाहेर जाऊन कन्नडात भांडतात. मराठी घरातली."

तेव्हा मी हसले होते.

आता त्यांच्या कामाबद्दल. पी.टी.च्या तासाला काही मुलं चिठ्ठी आणून कट्ट्यावर बसतात. मेष्ट्रूंच्या वर्गात एक मुलगा होता, ज्याचे पाय गुडघ्यापासून बाहेर वाकलेले. त्याला त्यांनी शाळा संपेपर्यंत सावलीत बसवलं, इतरांची घड्याळं आणि शर्ट सांभाळायला दिले. माया म्हणून. पुढे तोच मुलगा मोठा होऊन बस स्टॉपवर भेटला, कुबडीवर. ओळखीच्या डॉक्टरांना विचारलं तर ते म्हणाले, लहानपणी आणला असता तर सोपं काम होतं. हाड वाढत असतं तेव्हा ऐकतं. मेष्ट्रू सांगायचे, "मी त्याला सावली दिली. त्याला डॉक्टर पाहिजे होता."

तेव्हापासून ते गरिबाघरची वाकड्या पायांची मुलं शोधत फिरायचे. बांधकामांवर, शाळांच्या दारात, देवळांबाहेर. आईबापांना समजावून एका ट्रस्टच्या हॉस्पिटलात न्यायचे, आणि खर्चासाठी आमच्या बाजारात यायचे. त्यांचे नियम अजब होते. प्रत्येक दुकानाने सारखंच द्यायचं. जास्त द्यायला बंदी. एका बड्या साडीवाल्याने सगळा खर्च एकटा करतो म्हणून सांगितलं, फक्त मुलासोबत फोटो आणि दुकानावर फ्लेक्स हवा होता. मेष्ट्रू त्याला भर दुकानात कन्नडात म्हणाले, "पाय मुलाचा आणि तोंड तुझं, असा फ्लेक्स कुठला पेंटर करतो?" मी माझ्या वाट्यात घासाघीस केली तेव्हा म्हणाले, "सरी, ठीक आहे, मग तू वेलक्रो दे." तेव्हापासून त्या मुलांच्या पायांना बांधायच्या पट्ट्यांचं वेलक्रो माझ्या दुकानातून जायचं. मी चांगलं वेलक्रो द्यायचे. हलकं दिलं असतं तर त्यांनी ओळखलं असतं.

दुसरा नियम, मूल आधी दाखवायचं नाही. नाव नाही, फोटो नाही. "लंगडताना कुणी बघायचं नाही. बघायचं ते चालताना." म्हणजे पैसे आधी, मूल नंतर. मी म्हटलं, माल न बघता पैसे कोण देतं? तर म्हणाले, "पावती देतो की."

ती पावती म्हणजे रविवारचं चालणं. रविवारी सकाळी आमची गल्ली बंद असते. तेव्हाच काय तो तिचा रस्ता दिसतो. प्लास्टर निघालं, व्यायाम झाले, डॉक्टरांनी हो म्हटलं की मेष्ट्रू मुलाला घेऊन गल्लीच्या तोंडाशी यायचे. पैसे दिलेले सगळे आपापल्या बंद शटरसमोर उभे राहायचे. मूल एकटं चालत माझ्या दुकानापर्यंत यायचं. मागे हात बांधून मेष्ट्रू. "नडी, मगू, नडी." चल बाळा, चल. कुणी धरायला पुढे झालं की शिट्टी. कुणी "अय्यो पाप" म्हणालं, म्हणजे बिचारं म्हणालं, की शिट्टी. एकदा ती माझ्यासाठीही वाजली. चुकून निघून गेलं होतं तोंडातून. भर गल्लीत मला कान धरायला लावून मेष्ट्रू म्हणाले, "बिचारं काय? तुझ्यापेक्षा बरं चालतंय!"

टाळ्या वाजवायला मनाई नव्हती. मारवाडी, मुसलमान, कोमटी, आम्ही, सगळे टाळ्या वाजवायचो. माझ्या पायरीशी पोचलं की मुलाला जिलबी. एवढाच कार्यक्रम. मी देवळात फार जात नाही, पण त्या रविवारी मी नवीन साडी नेसायचे.

सुमाचा बाप आमच्याच गल्लीत गठ्ठे उचलायचा. यादगीरकडचं कुटुंब, राहायचं के. आर. पुरमच्या पलीकडे पत्र्याच्या खोलीत. मुलीची दोन्ही पावलं जन्मापासून आत वळलेली. ती पायांच्या बाहेरच्या कडांवर चालायची, तिथे घट्टे पडले होते. तान्ही असताना गावाकडे प्लास्टर घालायला सुरुवात झाली होती, पण काम शोधत हे लोक इकडे आले आणि ते राहिलं. आता ती चौथीत होती. डॉक्टर म्हणाले, नुसत्या प्लास्टरने होणार नाही. पायाला लोखंडी कड्या लावून रोज थोडा थोडा पाय वळवावा लागेल, एकानंतर दुसरा. खर्च मोठा होता. आणि आमची गल्ली तेव्हा रडत होती, कारण गिऱ्हाईक घरी बसून फोनवर माल मागवायला शिकलं होतं. सारखा वाटा घेऊन भागणार नव्हतं.

तेव्हा त्या मुलाचा फोन आला. पुण्याचा मुलगा, इथे बंगळुरात अशा ऑपरेशनांसाठी लोकांकडून ऑनलाइन पैसे जमवणाऱ्या कंपनीत नोकरीला. हॉस्पिटलातून मेष्ट्रूंचं नाव कळलं म्हणाला. फोनवर पहिलं वाक्य, "नमस्कार आजोबा, मराठीत बोललो तर चालेल ना?"

संपलं. तिथेच सौदा संपला.

दुसऱ्या दिवशी पायरीवर मेष्ट्रू खुशीत. मी विचारलं, "काय ठरलं?"

"घरी आला होता गे. चांगला मुलगा. सारभात केला होता मी. दोनदा घेतला त्यानं."

"भाताचं राहू द्या. अटी काय?"

"अटी कसल्या? मराठी माणूस."

"व्हिडिओ कुणाच्या हातात? कधी बंद करणार? काय बोलणार त्यात? आधी मला दाखवणार का?"

"तू स्वल्प थंड घे. मी सांगितलंय त्याला, लंगडताना दाखवायचं नाही. हो आजोबा म्हणाला."

मी कपाळावर हात मारला. ज्या माणसाने ऑटोवाल्याला कधी मीटरवर एक रुपया वर दिला नाही, हॉस्पिटलच्या काउंटरवर कापसाच्या भावावरून मॅनेजरला खाली बोलावलं, त्याने एका पोराला घरात घेतलं, कारण ते पोर आईच्या भाषेत बोललं. ही चूक या शहरात फक्त या जुन्या मराठी घरांतली माणसं करू शकतात. आम्ही सीमेवरची माणसं. आमच्याकडे मराठीत भाऊ भावाची जमीन खातो. मला मराठीचं असलं कौतुक नाही.

शूटिंगच्या दिवशी मेष्ट्रू त्या मुलासोबत सुमाच्या खोलीवर गेले होते. पण ऊन होतं, आणि त्या मुलाने प्यायला पाणी मागितलं. घरी आलेल्या पाहुण्याला नुसतं पाणी? मेष्ट्रू छत्री उघडून मोठ्या रस्त्यापर्यंत शहाळं आणायला गेले. ते परत येईपर्यंत काम झालेलं होतं. काय झालं ते सुमाने मला पुढे सांगितलं, तिच्या कन्नडात, अगदी सरळ. "दादा म्हणाला नवा फ्रॉक काढ, जुना घाल. चप्पल काढ. खडीवरनं चालत ये. परत ये. अजून एकदा. मग म्हणाला, रडायला येतं का? मी म्हटलं, येत नाही. मग म्हणाला, बरं, खाली बघ."

व्हिडिओ आला. खडीवरून येणारे दोन पाय, मागे सारंगीसारखं काहीतरी, आणि एका बाईचा भरून आलेला आवाज. सुमाचे वडील तिला जन्मताच सोडून गेले, आई चार घरची भांडी घासते, आणि सुमाचं स्वप्न आहे शाळेत चालत जायचं.

सोडून गेलेला बाप त्या वेळी माझ्या दुकानासमोर पाठीवर अस्तराचा गठ्ठा घेऊन उभा होता. दुसऱ्या हमालाने चहाच्या गाड्यावर त्याला फोन दाखवला. "बघ रे, तू पळून गेलास म्हणे! मग हे भूत कुणाचं आलंय गठ्ठा उचलायला?" सगळे हसले. तो हसला नाही. त्याने गठ्ठा खाली ठेवला आणि पुन्हा तेच बघितलं, आवाज मोठा करून. मग मला विचारलं, "अक्का, हे सगळ्यांना दिसतं? गावाकडेपण?" मी दिसतं म्हटलं. त्याने गठ्ठा उचलला आणि जिथे पोचवायचा होता तिथे पोचवला.

मी मेष्ट्रूंना म्हटलं, आत्ता फोन लावा. लावला. पलीकडून आवाज आला, "आजोबा, स्टोरीला थोडा टच द्यावा लागतो हो. लोक असं नुसतं देत नाहीत."

मेष्ट्रू म्हणाले, "सरी बाळा." आणि फोन ठेवला.

"सरी? सरी काय?" मी ओरडले.

"पैसे येतायत गे. तारीख मिळालीय. पोरीचं हाड थांबत नाही आपल्यासाठी."

हीच त्या कंपनीची खेळी. मुलाचा पाय मधे ठेवायचा, मग समोरच्याला भावच करता येत नाही.

ऑपरेशनं झाली. कड्या लागल्या, निघाल्या. डॉक्टरांनी जीव ओतून काम केलं, त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. कड्या निघाल्यावर पहिल्यांदा तिला उभं केलं तेव्हा मी हजर होते. मेष्ट्रू हॉस्पिटलच्या पॅसेजमध्ये फरशीवर चक्क पालथे झोपले. गाल फरशीला लावून सुमाच्या टाचेखालून उजेड येतो का ते बघत होते. नर्स म्हणते, आजोबा पडले. मी म्हणते, पडले नाहीत, बघतायत. मग फरशीवरूनच ओरडले, "टेकली! दोन्ही टेकल्या!" आणि शिट्टी वाजवली, हॉस्पिटलात. वॉचमनने दंड धरून बाहेर काढलं तेव्हाही हसत होते.

चालण्याचा रविवार ठरला. गल्लीने या वेळी वाटा कमी दिला होता, तरी सगळे आले. मी साडी नेसले. जिलबी आणली. सुमा गल्लीच्या तोंडाशी आली, नवा फ्रॉक, नवे बूट. चालायला लागली आणि लंगडायला लागली. दोन्ही पाय आत वळवून, बाहेरच्या कडांवर, तशीच, पूर्वीसारखी.

टाळ्या सुरू होऊन थांबल्या. कुणीतरी म्हणालं, "अय्यो पाप." मी शिट्टीची वाट बघत होते. वाजली नाही. मेष्ट्रू तिच्या मागे चालत होते, पाय आत वळवून, तिच्यासारखेच. करून बघत होते. अर्ध्या वाटेत थांबले. माझ्याजवळ आले.

"तंगी, पाय बरे आहेत. ही मुद्दाम करतेय. टाच खोटं बोलतेय गे."

आम्ही सुमाला आणि तिच्या आईला दुकानात घेतलं आणि शटर खाली ओढलं. आईने तोंडाला पदर लावला आणि मग सगळं बाहेर आलं. व्हिडिओ बंदच झालेला नव्हता. ऑपरेशन होऊन गेलं तरी सुमा लोकांच्या फोनवर खडीवरून चालतच होती. बसमध्ये एका माणसाने ओळखलं. म्हणाला, ही तीच ना? धड चालते की! लोकांचे पैसे खाल्लेत. खोलीच्या मालकानेही तेच सांगितलं, आणि वर म्हणाला, नवरा पळाला म्हणतेस, मग हा कोण? पोलिसांत देईन. आई घाबरली. तिने मुलीला सांगितलं, बाहेर पडलीस की पहिल्यासारखी चाल.

"घरी?" मेष्ट्रूंनी विचारलं.

"घरी नीट चालते."

"चालून दाखव, मगू."

माझ्या दुकानात दोन बाजूंना कापडाचे गठ्ठे आणि मधे अरुंद वाट. त्या वाटेने ती पोरगी चालली. सरळ. टाच, मग चवडा, टाच, मग चवडा. सुंदर. शटरच्या आत आम्ही चार माणसं, आणि कुणालाही टाळी वाजवायचं सुचलं नाही.

डॉक्टरांना सांगितलं तर ते चिडले. म्हणाले, ही असा पाय वळवत राहिली तर तो पुन्हा आत ओढायला लागेल. मग काय करणार आहात?

मी मेष्ट्रूंना घेऊन त्या कंपनीच्या ऑफिसात गेले. काचेची इमारत, गळ्यात कार्ड अडकवलेली मुलं. वाटेत बघते तर मेष्ट्रूंच्या पिशवीत स्टीलचा डबा. आत कोडबळी, म्हणजे आपली कडबोळी, घरी तळलेली.

"हे कशाला?"

"मोकळ्या हातानं कसं जायचं?"

"आपण भांडायला चाललोय!"

"भांडू की. आधी खाऊ दे त्याला."

तो मुलगा आला. पाया पडला. कोडबळं घेतलं. मी विषय काढला तर म्हणाला, "काकू, सुमाचं कॅम्पेन क्लोज झालंय. आता तो व्हिडिओ आम्ही जनरल अपीलसाठी वापरतो, बाकीच्या मुलांसाठी. खूप चांगला चालतो हो."

"व्हिडिओ चालतो आणि पोरगी लंगडते," मी म्हटलं. "काढून टाक."

"माझ्या हातात नाही. आईची संमती आहे आमच्याकडे. आणि काकू, शेवटी फायदा मुलांचाच होतोय ना?" आणि त्याने दुसरं कोडबळं उचललं.

मी डबा बंद केला आणि पिशवीत टाकला. इतक्या वर्षांच्या धंद्यात मी पुष्कळ सौदे मोडून उठले आहे, पण असं समाधान कधी मिळालं नाही. मग मी जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. वॉचमन आला. शेवटी वरचा कुणीतरी साहेब आला आणि इंग्रजीत म्हणाला की व्हिडिओखाली खुलासा टाकू. टाकलाही. मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत, की ही मुलगी आता बरी आहे. वर बाईचा आवाज रडतोच आहे.

या सगळ्यात मेष्ट्रू एक शब्द बोलले नाहीत. परतताना मेट्रोत मी त्यांच्यावर तुटून पडले. "त्या साडीवाल्याला फाडून खाल्लंत. इथे तोंड का शिवलं? कन्नडात बोलायचं होतं!"

"कन्नड त्याला येत नाही गे."

"मग मराठीत!"

त्यांनी समोरच्या माणसांच्या पायांकडे नजर वळवली. मग म्हणाले, "मराठीत ओरडायला मला येत नाही. तू शिकव."

मी शिकवलं. खरंच शिकवलं. दुपारी गिऱ्हाईक नसताना पायरीवर बसवून निपाणीच्या बाजारातलं सगळं भांडार त्यांच्यापुढे रिकामं केलं. ते पाठांतर करायचे, शाळेतल्या मुलासारखे, आणि प्रत्येक शिवीच्या शेवटी चुकून 'हो' लावायचे. गल्ली पोट धरून हसायची. एक दिवस तयार झालो म्हणाले. फोन लावला, स्पीकरवर. उभे राहिले, छाती काढली. तो मुलगा हॅलो म्हणाला.

मेष्ट्रू म्हणाले, "बाळा, जेवलास का?"

फोन मी बंद केला.

त्यानंतर त्यांनी नवं मूल शोधलं नाही. गल्लीत वाटा मागायला आले नाहीत. फक्त रविवारी यायचे, सुमाला घेऊन. मी कुलूप काढायचे, तिघं आत जायचो, शटर खाली. गठ्ठ्यांच्या मधल्या वाटेने सुमा जायची आणि यायची. मेष्ट्रू मागे. "नडी, मगू." शिट्टी गळ्यात असायची, पण वाजवायला कारणच नव्हतं. बिचारं म्हणणारं आत कुणी नव्हतं. एकदा सुमाने विचारलं, "मेष्ट्रू, इथे नीट चाललं तर पोलीस धरत नाहीत?" ते म्हणाले, "इथे मी आहे की." मग माझ्याकडे वळून मराठीत हळूच, "बाहेरसुद्धा मीच होतो गे. शहाळं आणायला गेलो."

पुढच्या पावसाळ्यानंतर मेष्ट्रू गेले. झोपेत. पांढरे बूट खाटेखाली नीट ठेवलेले. शिट्टी त्यांच्या पुतण्याने मला आणून दिली, माझीच नाडी होती म्हणून असेल.

आता रविवारी सुमाचा बाप तिला घेऊन येतो. तोच, सोडून गेलेला. मी शटर ओढते. ती सरळ चालते. मग शटर वर करते, ती पायरी उतरते, आणि दोन्ही पाय आत वळतात. आता तिला ते आठवावंही लागत नाही.

परवा माझ्या फोनवर भाव बघताना मधेच त्या व्हिडिओतली ती आली. जुना फ्रॉक, खडी, खाली बघणारी मान.

तर पुण्याच्या बाळा, मी तुला पुन्हा फोन करणार नाही आणि तुझ्या काचेच्या इमारतीतही येणार नाही. तू ये. रविवारी सकाळी, गल्ली बंद असते तेव्हा. तू त्या म्हाताऱ्याच्या घरी दोनदा भात घेतला आहेस, एवढं तुला करावंच लागेल. तुझ्या साहेबालाही आण. मी शटर वर करेन. ती पोरगी माझ्या पायरीवर उभी असेल, आत सरळ चालून आलेली. तिच्यासमोर उभं राहून तिला तूच सांग, बाळ, आता बाहेरही नीट चाल, तुला कुणी धरणार नाही. आणि तिने विचारलं, मग फोनवरची ती कोण, तर तिच्या तोंडाकडे बघून उत्तर दे. कुठल्या भाषेत देतोस ते तू ठरव. शिट्टी माझ्या गळ्यात असेल.